गोविंदमास्तर आणि बारा मण ज्वारी

गोविंदमास्तर गेले, ही बातमी मला आसेगावला एका गाडीवानाकडून कळली. तो बैलांना पाणी दाखवत होता आणि मी शाळेच्या ओट्यावर बसून पोरांच्या पाट्या तपासत होतो. ‘मास्तर, तुमचे थे गोविंदमास्तर गेले ना,’ तो म्हणाला, जणू वाशीमचा बाजार कसा भरला होता ते सांगावं. मी विचारलं, ‘कोणते गोविंदमास्तर?’ वास्तविक या नावाचा एकच मास्तर मला माहीत होता. त्याच्यासोबत मी एका शाळेत, एका छपराखाली, मध्ये फक्त एक बांबूच्या तट्ट्याची भिंत ठेवून बरीच वर्षं काढली होती. गाडीवान सांगत होता, ताप आला, डोक्यात गेला, वैद्य येईपर्यंत सगळं आटोपलं... आणि मी त्याला विचारलं, ‘मग आता चौथीचं गणित कोण घेतं?’ गाडीवानानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. रडू आलं नाही. अजूनही नीट आलेलं नाही. या माणसाबद्दल नेमकं काय वाटून घ्यावं, हे तो जिवंत असताना मला कधी कळलं नाही, आणि तो गेल्यानंतर तर गोंधळात भरच पडली आहे.

आमची शाळा इंझोरीपासून तासाभराच्या पायवाटेवर एका लहानशा गावात होती. मास्तर दोनच. खालचे वर्ग माझ्याकडे, वरचे गोविंदाकडे. मी वाशीमचा, नॉर्मल शाळेतून मास्तरकी शिकून आलेलो, अक्षर वळणदार, हिशेब चोख. गोविंदा तिथल्याच कास्तकाराच्या घरचा. अक्षर असं की त्यानं फळ्यावर लिहिलेला ‘पाच’ मुलं ‘सहा’ म्हणून वाचत. आणि सांगायला हरकत नाही, तो स्वतः गणितात कच्चा होता. हजेरीच्या बेरजा तो माझ्याकडून करून घेई. ‘तुह्या हातानं चुकत नाई, माह्या हातानं चुकते, मंग कायले उगाच?’ असं बिनदिक्कत म्हणे. मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. ज्याला तीन अंकी बेरीज धड जमत नाही त्याच्याकडे चौथीचा वर्ग आणि माझ्याकडे अंकलिपी! पण गावाला तोच हवा होता. पोरंही त्याच्या वर्गात जाण्यासाठी माझा वर्ग कसाबसा ढकलत.

तोंडी पाढे, बेरजा-वजाबाक्या, यांत माझी मुलं कुणाला हार जात नसत. अडायचं ते शाब्दिक उदाहरणांशी. पुस्तकात चार ओळींची हकिकत आली की पोरं आभाळाकडे बघू लागत. त्यावर माझ्याकडे नॉर्मल शाळेतला हमखास उपाय होता. ‘मिळून’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. हे मी भिंतीवर गेरूनं लिहूनच ठेवलं होतं. एकदा गोविंदा माझ्या वर्गात डोकावला आणि त्यानं पोरांना सहज विचारलं, ‘रामाजीनं तीन बैल इकले, मंग त्याच्यापाशी चार उरले. आंधी किती होते?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘एक!’ कारण ‘उरले’ आलं होतं ना. गोविंदा हसला नाही, उलट त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. मला मात्र तो माझी फजिती करायलाच आला होता असं वाटलं आणि आम्ही दोन दिवस बोललो नाही.

त्याची पद्धत वेगळीच. तो उदाहरण वाचून दाखवी आणि सांगे, आकड्यांवर अंगठा ठेवा. आकडे झाकले की मग, ‘आता सांगा, झालं काय?’ पोरांनी गोष्ट सांगायची. कोण होता, त्याच्याकडे काय होतं, मग काय घडलं, तो आता कशाची चौकशी करतो आहे. एकानं सांगितली की दुसऱ्यानं. मग भांडण. तट्ट्यापलीकडून मला सगळं ऐकू येई आणि माझ्या पोरांचं लक्ष उडे. अर्धा तास एका उदाहरणात! शेवटी तो म्हणे, ‘काढा अंगठा,’ आणि पोरं पाटीवर दोन रेघोट्यांत उत्तर काढून मोकळी. हे खरं की त्याची मुलं बैलांचं उदाहरण कधी चुकली नाहीत. पण याला शिकवणं म्हणायचं की गप्पा, हे मला ठरवता येत नव्हतं.

ठरवण्याची वेळ आली डिप्टीसाहेब तपासणीला आले तेव्हा. साहेब चांगले होते, हे मी मुद्दाम लिहितो. त्यांनी पोरांना हसत बसवलं आणि पुस्तकातलं सोप्यात सोपं उदाहरण घातलं. ‘एका शेतकऱ्यास बारा मण ज्वारी झाली. पैकी पाच मण त्याने विकली. तर घरी किती मण नेली?’ यात काय आहे? बारातून पाच गेले, सात. माझ्या वर्गातल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण गोविंदाच्या चौथीतली मुलं एकमेकांकडे बघू लागली. एकानं साहेबांना विचारलं, ‘त्याच्या गावात सुतार एक हाय का दोन?’ साहेबांना वाटलं पोरगं चेष्टा करतं आहे. त्यांनी दटावलं, ‘लिहा.’ आणि पाट्या वर झाल्या तेव्हा कुणाची साडेपाच मण, कुणाची पाच, एकाची तर चारच. सात एकाही पाटीवर नाही.

वाशीमकडच्या वाचकांना यात नवल वाटायचं नाही. खळ्यावर रास तयार झाली, तिची पूजा झाली, ‘लाभ, दोन, तीन’ असं म्हणत पायल्या मोजू लागले, की आधी ज्यांचा त्यांचा हक्क निघतो. सुतारानं वर्षभर नांगर-वखर नीट ठेवला, लोहारानं फाळ शेवटून धारदार केला, चांभारानं मोट शिवली, न्हावी आला. ही मंडळी खळ्यावर उभी असतात. त्यांचं त्यांना घातल्याशिवाय घराकडे गाडी जुंपत नाहीत. पोरांनी आपापल्या घरच्या खळ्यावर जे पाहिलं तेच पाटीवर काढलं होतं. ज्याच्या घरी जास्त घालत त्याची ज्वारी कमी उरली. वजाबाकी कुणाचीच चुकली नव्हती. चुकलं होतं ते उत्तर.

‘अहो मास्तर, बारातून पाच गेले की किती, हे यांना येत नाही?’ साहेब म्हणाले. गोविंदा घाबरला की त्याची पुस्तकी भाषा पळून जाई. तो म्हणाला, ‘येते साहेब. पन हा शेतकरी कोनत्या गावचा, थे पुस्तकात नाई सांगतलं.’ साहेब म्हणाले, वार्षिक परीक्षेला मी स्वतः येईन, तेव्हा शेतकरी कुठल्याही गावचा असो, उत्तर पुस्तकातलं पाहिजे. यात त्यांचं तरी काय चुकलं? मी आजही त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो... किंवा नसतो. माहीत नाही.

पोरं हुशार असतात. साहेबांना सात हवेत, तर सात घ्या. आठवडाभरात वर्ग ताळ्यावर आला. एक किसना सोडून. किसना गावच्या सखाराम सुताराचा मुलगा. वर्गात सगळ्यांत तल्लख, पण ज्वारीचं उदाहरण आलं की त्याची पेन्सिल सातावर जाईच ना. पाच मण विकली ती वजा, मग सुताराचा वाटा वजा, मगच उत्तर. आणि इथं गंमत नव्हती. वाशीमला त्याचा मामा होता. पोरगा चौथी पास झाला तर मी घरी ठेवून पुढं शिकवतो, असं मामानं कबूल केलं होतं. नापास झाला तर सखाराम त्याला रंधा हातात देणार होता, आणि तसं त्यानं शाळेत येऊन आम्हा दोघांना सांगितलंही होतं. ‘एकच साल वाट पाहीन मास्तर. मंग माह्या हाताखाली घेईन. मले बी मानूस पाह्यजे.’ गणितात नापास म्हणजे परीक्षेत नापास, आणि परीक्षेचं पुस्तक शेतकऱ्यांनी आणि ज्वारीनं भरलेलं.

मी गोविंदाला म्हटलं, त्याला माझ्याकडे दे. मी किसनाला समोर बसवून विचारलं, ‘बारा आंबे. पाच विकले.’ सात, तो तोंडातून शब्द निघायच्या आत म्हणाला. ‘बारा बोरू. पाच विकले.’ सात. ‘बारा मण ज्वारी. पाच विकली.’ किसना थांबला. त्याचे ओठ हलले, आणि तो म्हणाला, ‘सव्वासहा.’ मी कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षीच्या अपूर्णांकांचा हिशेब हे पोरगं मनातल्या मनात करत होतं, आणि नापास होणार होतं. मी जरा जोरातच विचारलं, ‘अरे, पुस्तकात सुतार आहे का? दाखव कुठं आहे!’ त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘नाई,’ तो हळूच म्हणाला, ‘मंग आमच्या घरी काय येते?’ याचं उत्तर नॉर्मल शाळेत शिकवलेलं नव्हतं. मी त्याला परत गोविंदाकडे पाठवून दिलं.

गोविंदानं आपल्या परीनं शक्कल काढली. त्यानं सांगितलं, हा शेतकरी आपल्या गावचा नाहीच, हा पुस्तकातला शेतकरी. याला गाव नाही, शेजारी नाही, याच्याकडे कुणी येत नाही, याला कुणाचं काही द्यायचं नाही. बाकीच्या पोरांना हा पुस्तकातला शेतकरी फार आवडला. ती त्याला नावं ठेवू लागली, त्याला बायको नाही म्हणून हसू लागली. तट्ट्याआडून ऐकताना मलाही हसू आलं. मग किसनाचा आवाज आला. ‘याले सुतार नाई, तं नांगर नाई. नांगर नाई, तं बारा मन जवारी आली कुठून?’

त्या संध्याकाळी गोविंदाच्या ओसरीवर बसलो होतो. काशीवहिनी, म्हणजे त्याची बायको, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. गोविंदा एकसारखा उठत-बसत होता. ‘बावा, मी त्याले काय शिकवून राह्यलो?’ तो मला म्हणाला. ‘वजाबाकी शिकवून राह्यलो का खळ्यावरून त्याच्या बापाले हाकलून राह्यलो?’ मी म्हटलं, अरे, गणित आहे ते, त्यात बाप कुठून आला? ‘त्याच्यात बापच हाय,’ वहिनी शेंगांवरून मान वर न करता म्हणाल्या, ‘पोरगं खरं बोलून राह्यलं, आन् तुमी दोघं त्याले खोटं शिकवाले बसले.’ गोविंदा म्हणाला, ‘पन मंग तो नापास होते ना वो.’ मला एवढं आठवतं, की गोविंदा रडवेला झाला होता. दुसऱ्याच्या पोराच्या वजाबाकीसाठी रडणारा मास्तर मी त्याआधी पाहिला नव्हता. मला त्याचा राग आला होता की माया वाटली होती, हे मात्र आठवत नाही.

आणि मग परीक्षेच्या थोडं आधी एका सकाळी मी आत डोकावलो तर किसना फळ्यापाशी उभा, ज्वारीचं उदाहरण सोडवतो आहे, आणि उत्तर पुस्तकातलं. मी दुसरं घातलं, गव्हाचं. बरोबर. तिसरं तुरीचं. बरोबर. चेहरा कष्टी नाही, रागावलेला नाही, अगदी सहज. मी गोविंदाला बाजूला घेतलं. ‘काय केलंस याला? मारलंस?’ ‘नाई गा.’ ‘मग?’ तो हसला. ‘काई नाई. उदाहरन थोडसं पुढं सरकवलं.’ म्हणजे काय, ते काही केल्या सांगेना. साहेब आले, परीक्षा झाली, किसना पास होऊन मामाकडे वाशीमला गेला. सखारामानं शाळेच्या दाराला नवी कडी बसवून दिली. पुढं कित्येक वर्षं मी गोविंदाच्या मागे लागलो. कधी तो सुपारी कातरत विषय बदले, कधी म्हणे, ‘तुले सांगतलं तं तू थे गेरूनं भितीवर लिहून ठेवशीन.’ हा टोला मला बसला. पण मी खरंच लिहून ठेवलं असतं, हेही खरं.

नंतर माझी आसेगावला बदली झाली. शेवटची भेट वाशीमच्या बाजारात. तो खडूंचं पुडकं काखेत धरून पेरू खात होता. काहीतरी सांगत होता, हातवारे करत होता, गर्दीत मला नीट ऐकू येत नव्हतं आणि मी उगाच मान हलवत होतो. तो काय सांगत होता? रोज आठवून पाहतो. पेरूच्या बिया त्याच्या मिशीला चिकटलेल्या आठवतात, शब्द एक आठवत नाही.

तेरवीला मी गेलो. किसना आला होता. आता चांगला मिशीवाला गडी, वाशीमला लाकडाच्या वखारीत मापाचं काम बघतो. माझ्या पाया पडला, वहिनींपुढे बसून पुष्कळ रडला. मी संधी साधून त्याला कडुनिंबाखाली गाठलं. म्हटलं, किसना, एवढं सांग, त्या ज्वारीच्या उदाहरणाला मास्तर तुला काय म्हणाले होते? तो बुचकळ्यात पडला. ‘कोनतं उदाहरन?’ मी सगळी हकिकत सांगितली. त्यानं लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाला, ‘मी अडलो होतो? नाई मास्तर, दुसरा कोनी असन. मले तं गनित पहिल्यापासूनच सोपं जाय.’ ज्याच्यापायी गोविंदाची झोप उडाली, वहिनी बोलल्या, मी इतकी वर्षं डोकं खाजवलं, त्याच्या गावीही ते नाही! मला क्षणभर शंका आली की मीच सगळं मनानं रचलं की काय. मग वाटलं, गोविंदाला हे कळलं असतं तर तो खूश झाला असता, पोटभर हसला असता. मला हसू आलं नाही. मी नुसता गोंधळून घरी आलो.

गोविंदाच्या जागी वरिष्ठांनी मलाच परत पाठवलं. गेल्या पंधरवड्यात मी त्याच्या वर्गात पहिल्यांदा उभा राहिलो. गाव बरंच बदललेलं दिसलं. इंग्रजांच्या लढाईमुळे धान्याला भाव आहे, तेव्हा यंदा कित्येकांच्या गाड्या कुणाचा हक्क न घालताच खळ्यावरून थेट वाशीमच्या बाजाराला गेल्या, आणि लोहार पायली पायली मागत दारोदार हिंडतो, असं मला आल्याच दिवशी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि शाळेत आलो. पुस्तक तेच. फळ्यावर उदाहरण लिहिलं, ‘एका शेतकऱ्यास पंधरा मण ज्वारी झाली. पैकी सात मण विकली. घरी किती मण नेली?’ आणि म्हटलं, सोडवा.

कुणी पेन्सिल उचलली नाही. सगळी माझ्याकडे बघत बसली, कशाची तरी वाट बघावी तशी. मला वाटलं, यांना अक्षर लागत नाही, गोविंदाच्या अक्षराची सवय. शेवटी पुढच्या ओळीतली एक मुलगी, शेवंता तिचं नाव, उभी राहिली. ‘मास्तर, देऊन झालं का?’

‘काय देऊन झालं का?’

‘समद्याईचं,’ ती म्हणाली. ‘सुताराचं, लोहाराचं... मोठे मास्तर आंधी सांगत. ज्याचं त्याले देऊन झालं हाय, मंग जे उरलं थे पंधरा मन. पुस्तक तिथून सुरू होते. असं त्यायनं म्हटलं का मंग आमी लिहो.’

मी खडू हातात धरून उभा राहिलो. एवढंच होतं तर! उदाहरण थोडं पुढं सरकवलं, म्हणजे हक्क वाटून झाल्यानंतर सुरू केलं. सुतार आपलं पोतं घेऊन घरी गेला, आणि मग पुस्तकानं तोंड उघडलं. किसनाला सात लिहिता आले ते असे. आनंदानं माझे डोळे भरून आले, गोविंदाला हाक मारावीशी वाटली. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात असलं काही नव्हतं, हे मला शपथेवर ठाऊक आहे. मग गोविंदा पोरांना खरं सांगत होता का खोटं? आणि आता, या साली, मी काय सांगायचं? शेवंता अजून उभी होती. ‘तुझे वडील काय करतात, बाई?’ मी विचारलं. ‘लोहार हायेत,’ ती म्हणाली.

सगळा वर्ग थांबला होता. मी म्हणालो, ‘झालं. समद्याईचं देऊन झालं. लिहा.’ पाट्यांवर पेन्सिली कुरकुरू लागल्या. शेवंता मात्र थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि तिनं लिहिलं, आठ. मी तिच्या पाटीवर बरोबरची खूण केली.